छत्री फिरवणारी मोटर

मंडळी, आज मला चक्क एका मोटरीचा हेवा वाटून राहिला आहे. हसू नका!

शेजारच्या शामरावांची टीव्हीची छत्री इतकी वर्षं मीच हाताने फिरवत होतो. काल त्यांनी रिमोटवर मोटरीने फिरणारी आणली. आज सकाळीच त्यांची हाक आली, "भाऊ, एक उपग्रह सापडते तं दुसरा सुटते. काऊन जी?"

छतावर जाऊन ओळंबा धरला. छत्रीचा खांबच कलला होता. वाटलं, सांगूच नये. पण राहवेना, केला सरळ. मेली मोटर एकेक उपग्रह बरोबर शोधू लागली.

वहिनी खुशीत म्हणाल्या, "आता तुमाले चढाचं कामच नाही!"

म्हणजे उतरल्यावरचा चहाही गेला. उद्या त्यांच्या घरी कोणतं निमित्त काढून जाऊ, सांगा बरं?