दिरांचं नवं रिव्हॉल्वर

थोरल्या दिरांनी रिव्हॉल्वर घेतलं ते आम्हाला दाखवायलाच. बदलापुरात तेव्हा शेताशेतात बिल्डरांचे खुंट रोवले जात होते. सासऱ्यांमागे राहिलेलं शेत दिरांना विकायचं होतं आणि माझे मिस्टर सही देत नव्हते. घर एक, ओटी एक, पण दोन्ही भावांत बोलणं बंद.

एका रविवारी सकाळी दीर खोका घेऊन आमच्या दारात आले.

"फिटर आहेस ना? हे साफ करून दे."

मला वाटलं, हे तो खोका अंगणात भिरकावतील. पण ह्यांनी तो मांडीवर घेऊन उघडला. मेणकागदातलं ते धूड कारखान्याच्या पिवळट, घट्ट ग्रीसनं बरबटलेलं होतं. ह्यांनी आधी गोळ्यांची चक्री उघडून ती रिकामी आहे ना ते पाहिलं.

"हे ग्रीस गंज लागू नये म्हणून फासतात. तसंच ठेवलं तर धूळ धरतं, घोडा अडकतो," हे म्हणाले. जसं काही अंबरनाथला ह्यांच्या कंपनीत नवं मशीन आलंय!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उल्हासनगरच्या सिंधी शेठकडून जीन्सचे पीस आणून शिवायची. त्यातल्याच चिंध्या ह्यांनी घेतल्या, माझ्या स्टोव्हचं रॉकेल घेतलं. जुन्या टूथब्रशनं खाचाखोचा घासल्या. काडीला चिंधी गुंडाळून नळीत फिरवत राहिले, ती स्वच्छ निघेपर्यंत. दीर खुर्चीत पाय हलवत बसलेले.

"नीट कर. ऐन वेळी अडकायला नको," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले.

सगळं कोरडं पुसून ह्यांनी हात पुढे केला. "मशीनचं तेल दे जरा. दोन थेंब."

मी तेलाची कुपी पदराखाली घेतली. "नाही देणार."

"अगं, रॉकेलनं धुतलंय. असंच ठेवलं तर गंजेल."

"गंजू दे."

"बायकोला आवर," दीर म्हणाले.

"भावोजी, माझ्या कुंकवावर उठलात, आणि वर तेलही माझंच पाहिजे?"

ह्यांचा चेहरा उतरला. मांडीवर काय आहे हे त्यांना तेव्हा कुठे दिसलं असावं. रिव्हॉल्वर कोरडंच खोक्यात ठेवून त्यांनी ते भावापुढे सरकवलं.

"दादा, सही मिळणार नाही. पुढचं तुझं तू बघ."

"तुझ्या बापाची आहे का जमीन?" दीर ओरडले.

"बापाचीच आहे," हे म्हणाले.

दिरांनी खुर्ची लाथाडली आणि गेले. पुढे त्यांनी जाऊबाईंच्या बाटलीतलं खोबरेल लावलं म्हणे. थंडीत ते थिजलं आणि घोडा हलेना. साफ करायला कल्याणला कुणाकडे तरी नेलं. गोळी मात्र कधी झाडली नाही, तेवढी छाती नव्हती.

शेवटी वाटणी झाली. त्यांच्या भागावर चार मजली इमारत उठली, आमच्या भागात आम्ही भात लावत राहिलो. त्यांच्या मुलीचं लग्न झालं, ते आम्हाला मांडवातल्या लाउडस्पीकरवरून कळलं. मी त्या दिवशी दार लावून शिवत बसले होते.