तेहतीस कमानी आणि एक कुलूप

सकाळी कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि दारावर थाप पडली. पण डोंबिवलीतल्या त्या दोन खोल्यांचं दार काही पटकन उघडत नसे. आतून कुलूप आणि किल्ली रचनाच्या कमरेला. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, उघडं दार दिसलं की ते निघालेच. नऊ वर्षांपूर्वी एकदा पायजम्यावर थेट शीळफाट्यापर्यंत चालत गेलेले. रिक्षावाल्यांना विचारत होते, आमचं गाव कुठल्या बाजूला? तेव्हापासून हे कुलूप. नवरा महिपत ठाण्याच्या एका इस्पितळात लॅबमध्ये; त्याला रविवारीसुद्धा सुटी नसे.

"अगं, उघडतेस का तुरुंग?" बाहेरून शीलाताईंचा आवाज आला.

शीलाताई वरच्या मजल्यावरच्या, निवृत्त शिक्षिका. कालच इराणची सहल करून आलेल्या. त्या सहलीची माहितीपुस्तिका रचनानेच लिहिलेली. सुदेशच्या सहल कंपनीसाठी ती घरबसल्या हे काम करी, महिपतने वाचनालयातून आणलेल्या जुन्या पुस्तकांवरून. लिहिताना अंतरं पायांनी चालून बघायची तिची खोड. इस्फहानचा तेहतीस कमानींचा पूल लिहिला, तेव्हा ओटा ते खिडकी अशा तेहतीस फेऱ्या मारलेल्या. मागोमाग आबाही.

"पर्सेपोलिसच्या पायऱ्या तू लिहिल्यास तश्शाच बुटक्या. माझे गुडघे तुला दुवा देतायत," शीलाताई पिस्त्याच्या मिठाईचा डबा ठेवत म्हणाल्या. "शिराझच्या मशिदीत सकाळी पांढरा कुर्ता घालून गेले, तुझं ऐकून. रंगीत काचांतून असं ऊन आलं, माझी रंगपंचमीच झाली! पण बाई, नदी कुठेय?"

"कुठली?"

"पुलाखालची. 'कमानींची प्रतिबिंबं बघत निवांत बसा.' सुदेशने मोठ्यांदा वाचून दाखवलं, खाली बघतो तर तडे गेलेली जमीन! पोरं फुटबॉल खेळतायत. सगळे पोट धरून हसले. आता बराच काळ कोरडीच असते म्हणे."

तव्यावरची पोळी करपली.

"सुदेश काय म्हणाला?"

"पुढची पुस्तिका जाऊन आलेल्या माणसाकडून लिहून घेतो म्हणाला. मी म्हटलं, थांब जरा, आधी मी तिच्याशी बोलते."

हे काम गेलं, तर रचनाच्या वाट्याला उरत होतं ते कुलूपच. आबा तेच चाचपत होते. "चला, उशीर झाला," ते म्हणाले. तिने त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, गॅस बंद केला आणि वही ओढली.

"सांगा. काय दिसतं तिथे?"

शीलाताई सांगत गेल्या. संध्याकाळी म्हातारे कमानींखाली बसून गातात, आवाज घुमतो, कोरड्या पात्रातून मुली चालत पलीकडे जातात. रचना लिहीत गेली. 'प्रतिबिंबं'वर तिने काट मारली आणि पेन थांबलं.

"ताई, नऊ वर्षांत मी वाहती नदी पाहिलेली नाही. फोटोतलं पाणी आटू शकतं, हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

"पुढच्या खेपेला तुला घेऊनच जाते, बघ!"

"नका असं बोलू. ते जमणार नाही, तुम्हालाही माहितीये."

तिने कमरेची किल्ली काढून शीलाताईंसमोर ठेवली.

"येत्या रविवारी सकाळी चार तास आबांजवळ बसाल? मला खडवलीची नदी बघून यायचंय."