चिसोमोचं सुतक

टोरांटोजवळच्या वॉन गावच्या रोझबाईला आफ्रिकेत नात झाली, ही बातमी हायम किहीमकरानं पिकवली. कोकणातून टोरांटोकडे आलेली ज्यू मंडळी मूठभर. एकानं शिंकावं आणि बाकीच्यांनी काढा उकळावा, अशी. बातमी पसरायला कितीसा वेळ?

खरं एवढंच, की विधवा रोझबाई एका संस्थेमार्फत मलावीतल्या चिसोमो नावाच्या मुलीच्या शाळेचं-जेवणाचं बघायची. पण पोरीचा फोटो फ्रिजवर लावला तो थेट स्वतःच्या मुलाच्या, सेठच्या फोटोच्या वर! सेठ दूर एडमंटनला. आईला भेटायचा तो फोनवरच.

"रोझबाई, नातीचं नाक अगदी तुमचं हो!" हायम चिडवायचा.

"तुमची जीभ नाही घेतली, हे नशीब!"

२००६च्या फेब्रुवारीत संस्थेतून फोन आला. तिकडे पावसाअभावी मका करपला होता. अर्धपोटी पोरीला हिवताप झाला. झुंजायला अंगात काही उरलंच नव्हतं. गेली. एवढं सांगून फोनवरची बाई गोड आवाजात म्हणाली, "तुम्हाला दुसरी मुलगी देऊ का?"

रोझबाईनं फोन ठेवला, सुतकात करतात तशी आरशावर चादर टाकली आणि जमिनीवर बसली.

आता ज्यूंची रीत अशी, की सुतकातलं पहिलं जेवण आपल्या घरचं चालत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणावं, तेव्हा घास उचलावा. फ्रिजमध्ये माशाचं कालवण होतं. तिनं हात लावला नाही. पण कुणी आणायचं, तर आधी हिला सुतक आहे हे मानायला नको?

हायमच्या बायकोला, अयालाला, तिनं फोन केला.

"अगं, ना रक्ताची, ना धर्माची! असलं कुठं सुतक असतं? खाऊन घे मुकाट्यानं."

मग सेठला.

"मॉम, इथून पिझ्झा ऑर्डर करू?"

"विकतचं नाही चालत रे. कुणीतरी आणावं लागतं."

"देन आय डोन्ट नो, मॉम."

दुपार कलली. बर्फ पडत होता. पोटात आग पडली तरी बाई जागची हलली नाही.

बेल वाजली. दारात डबा होता: उकडलेली अंडी, सुतकाच्या घरी नेतात तशी, कोमट. हायम गाडीत बसलासुद्धा होता.

"आत या की! घटकाभर बसा!"

"या बर्फाला टायर बरोबर नाहीत हो, निघतो." विंटर टायर नवे घातल्याचं त्यानंच गावभर सांगितलं होतं. पण आज थट्टा सुचेना, आणि थट्टेवाचून बसायचं कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

रोझबाई पुन्हा जमिनीवर बसली. अंडं सोललं, अर्धं खाल्लं आणि थांबली. पोरीला अंडं आवडायचं की नाही, हेही आपण कधी विचारलं नाही.