मांडवात बांधलेली सिस्टिम

मेहरुन शेखला राग लवकर येई, आणि आला की जात नसे. देवपूरच्या ज्या खासगी कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकवायची, तिथं युनिक्स हा विषय फळ्यावर शिकवला जाई. प्रात्यक्षिक परीक्षेत मुलं पाठ केलेली उत्तरं कागदावर लिहीत, परीक्षक चहा पीत आणि सगळे पास होत.

१९९७ च्या मे महिन्यात तिनं ठरवलं, यंदाची मुलं यंत्रावर परीक्षा देतील. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर लिनक्स होतं, युनिक्सच्याच जातीचं. पण सीडीवरचं तयार लिनक्स कॉलेजच्या स्वस्तात जुळवलेल्या यंत्रांवर चालेना. मग तिनं त्याचा सोर्स, मूळ लिहिलेला कोड, उघडला, नको ते काढलं, हवं ते घातलं आणि कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतःच बांधायला घेतला.

सोर्सपासून कर्नल घडवणारं कंपाइल सुरू होई, पडद्यावर ओळी धावत आणि मधेच सगळं तुटे. दर वेळी वेगळ्याच फाईलवर. सोर्स चुकला असता तर एकाच जागी तुटला असता. तिनं यंत्रावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. चूक तिची नव्हती, यंत्र तापून चुकत होतं. खिडकीत कूलरच्या जागी नुसतं भोक होतं आणि त्यातून झळा आत येत होत्या.

"वना, कूलर कुठंय?"

"बठ्ठा कूलर लगीनमा गयात, मॅडम," शिपाई म्हणाला. "नानाना पोऱ्यानं लगीन शे ना."

नाना म्हणजे संस्थेचे अध्यक्ष रुपचंदनाना; त्यांच्या मुलाच्या लग्नात कॉलेजचे सगळे कूलर गेले होते. मेहरुन तडक प्राचार्यांकडे गेली. बन्सीलाल सर लग्नाला निघण्याच्या तयारीत होते.

"कशाला जीव जाळता, मॅडम? परीक्षक आपलेच आहेत. सोमवारी घ्या कागदावर लिहून, दरवर्षीसारखं. आणि लग्नाला या. जेवायला वरण-बट्टी आहे."

"येते," मेहरुन म्हणाली.

ती रिक्षातून गेली. मांडीवर यंत्र, शेजारी मॉनिटर धरून बसलेला वना. मांडवात कॉलेजचे कूलर पाहुण्यांवर गार वारा सोडत होते. तिनं त्यातल्या एकासमोर टेबल ओढलं, यंत्र उघडं करून ठेवलं, कूलरच्याच बोर्डात पिन खुपसली आणि कंपाइल सुरू केलं.

"टीव्ही उना का आहेरमा?" एका म्हातारीनं विचारलं.

"नाही, आजी. कॉलेज आलंय."

बन्सीलाल सर दुरूनच 'नको, नको' असे हात हलवत राहिले. नाना मात्र फेटा सावरत आले. "मॅडम, लग्नातही ऑफिस?"

"नाना, ऑफिसचं सामान इथं आलं, म्हणून मी आले."

"बंद करा ते."

"मधेच बंद केलं तर डिस्क बिघडेल. मग पुन्हा पहिल्यापासून, याच टेबलावर. वरात निघाली तरी उठायची नाही."

पाहुणे ऐकत होते. नाना हसले, पण ओठांपुरतेच, आणि वळले.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. ओळी धावत राहिल्या, कुठेच तुटल्या नाहीत. कर्नल तयार झाला. मेहरुननं यंत्र पुन्हा सुरू केलं. पडद्यावर लॉगिन आलं तेव्हा तिला आनंद झाला नाही. सोमवारी सगळी यंत्रं कॉलेजच्या त्याच भट्टीत चालायची होती.

"वना, कूलर उचल."

वना नानांकडे बघू लागला. तेव्हा तिनंच कूलरची पिन उपसली. कूलरसमोर बसलेल्या व्याह्यांच्या अंगावरचा वारा थांबला आणि सगळा मांडव तिच्याकडे वळून बघू लागला. टाकीतलं पाणी सतरंजीवर सांडत तिनं एकटीनंच कूलर ओढायला घेतला. मग वनानं दुसरी बाजू धरली.

सोमवारी परीक्षा यंत्रांवरच झाली. कॉलेजात पहिल्यांदाच काही मुलं युनिक्समध्ये नापास झाली. मेहरुनची नेमणूक वर्षापुरतीच असे; जूनमध्ये तिला पुन्हा कामावर बोलावलं नाही. नापास मुलांपैकी एकाचा बाप, तोताराम, बोदवडहून तिच्या घरी येऊन थडकला.

"मॅडम, कागदावर घेतली असती तर पोरगं पास झालं असतं ना?"

"झालं असतं."

"मग?"

"मग काय? दोन वर्षं कॉलेजनं त्याला यंत्र दाखवलं नाही, फळ्यावर शिकवलं. तेव्हा का नाही आलात भांडायला?"