पाच लुगड्यांवरचा उजेड

आमच्या डोंबिवलीच्या महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू शाळेच्या आवारात व्हायचं आणि त्याला जोडून नाटक. नाटक बायकांचं, बघणाऱ्या बायका, पुरुषपात्रंही बायकाच करायच्या. त्या संध्याकाळी आवारात पुरुषानं पाऊल टाकायचं नाही हा नियम माझ्या सासूबाईंचा, आणि मंडळात त्यांचा शब्द शेवटचा.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. गावात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते, म्हणून आदल्या वर्षी आम्ही हौसेनं स्टेजच्या कडेला खाली दिव्यांची ओळ लावली. खालून आलेल्या उजेडात सगळ्यांच्या नाकांच्या सावल्या कपाळावर गेल्या आणि राणी झालेल्या बाईंचा पदर एका तापलेल्या दिव्यावर करपला. सासूबाईंनी निकाल दिला : स्टेजजवळ दिवा नको, आणि दिवा सांभाळायला आवारात माणूसही नको.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं. पण म्हणाल्या, "मी शेवटच्या रांगेत बसणार. तिथून धाकटीचं तोंड नीट दिसलं नाही तर पुढच्या वर्षीपासून नाटक बंद. भजन करू, त्याला तोंड दिसावं लागत नाही."

धाकटी म्हणजे माझी जाऊ, नाटकातली सून. तिसऱ्या अंकात तिला एकही वाक्य नव्हतं. सासू बोलत राहते, माहेरी जायचं राहून जातं, आणि ते सगळं फक्त तिच्या चेहऱ्यावरून कळायचं. वर्षभराच्या घरकामात तिला स्वतःचं म्हणता येईल असं हे एवढंच होतं. "जाऊबाई, तेवढं भजन होऊ देऊ नका हं," ती मला म्हणाली, आणि मी कामाला लागले.

दिवे ठेवायला एकच जागा होती : गल्लीपलीकडच्या घराची माडीवरची गॅलरी. ती आवाराबाहेर होती, तेव्हा तिथे पुरुष चालत होते. माझे धाकटे दीर, म्हणजे जावेचे यजमान, विजेचं काम जाणणारे. दिवे तेच लावणार होते. गॅलरीपासून स्टेजपर्यंतचं अंतर मी नऊवारीनं मोजलं. पाच लुगडी भरली.

दिरांनी कल्याणहून पत्र्याच्या डब्यात बसवलेला मोठा दिवा आणला. तो लावला तेव्हा आवारातला कडुनिंब उजळला, विहीर उजळली, शेजारच्यांची वाळत घातलेली चादर उजळली. स्टेजवर जाऊ सुई-दोरा घेऊन उभी होती. आमची कसोटीच ती होती. सुईत दोरा ओवला गेला तर दिवा पास.

"दिसतंय का गं?" मी ओरडले.

"सुई कुठाय तेच दिसत नाही!"

दीर म्हणाले, "वहिनी, उद्या याच्या दुप्पट वॅटचा आणतो." आणला. कडुनिंबाचं पान न् पान मोजता आलं असतं. दोरा काही सुईत गेला नाही.

"भावजी, उजेड कमी नाहीये," मी म्हटलं, "तो वाटेतच सांडतोय. गोळा करून नेणारं काही मिळत नाही का?"

तसं मिळत होतं, पण ठाण्याला. तिथल्या एका डेकोरेटरकडे भिंगाचे फोकस होते. मागे आरसा, पुढे जाड काच. दुकानदारानं विचारलं, "किती लांबून टाकायचाय?"

"पाच लुगडी," मी सांगितलं.

तो हसला, पण मग कामाचं बोलला. दिव्यापासून जसजसं लांब जाल तसं उजेडाचं वर्तुळ मोठं आणि फिकं होत जातं, म्हणून भिंग पुढेमागे करून ते आवळायचं. एका फोकसमध्ये पूर्ण स्टेज मावणार नाही, दोन घ्या, आणि दोघांची वर्तुळं मध्ये एकमेकांवर चढू द्या. आम्ही दोन घेतले. मी आग्रह धरला की ते दुपारी नाही, दिवेलागणीलाच लावून बघायचे, कारण त्या वेळी घराघरात दिवे लागत आणि वीज मंदावे. दिवेलागणीला लावले. जावेनं पहिल्याच झटक्यात दोरा ओवला आणि सुई उंच धरून नाचली.

इथे काम संपलं असं मी समजले. नाटकाच्या आदल्या संध्याकाळी रंगीत तालीम झाली आणि सगळ्याजणी संक्रांतीच्या म्हणून काळ्या चंद्रकळा नेसून आल्या. सण होता, दुसरं कोण काय नेसणार! दिवे लावून बघताना जाऊ तोवर रोजच्या फिक्या लुगड्यात उभी राहत होती. मागे शाळेचा गडद निळा पडदा. गॅलरीतून दोन्ही फोकस पडले आणि स्टेजवर नुसती मुंडकी आणि हात तरंगायला लागले.

"अगं बाई, हात आले, बाई कुठाय?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळी तालीम हसण्यात गेली. जाऊ तेवढी हसली नाही.

चंद्रकळा बदला म्हणण्याची माझी छाती नव्हती. मागचा पडदा पांढरा हवा होता, आणि तेवढं पांढरं स्वच्छ कापड घराघरात एकच होतं. मी सासूबाईंकडे गेले.

"पुरुषांची धोतरं?" त्या म्हणाल्या. "माणूस आत नको म्हटलं, तर त्याचं धोतर आणतेस?"

"माणसं बाहेरच राहतील, सासूबाई. धोतरं तेवढी येतील."

त्यांनी जरा विचार केला. मग स्वतः उठून ट्रंक उघडली आणि मामंजींचं नीळ दिलेलं धोतर काढलं. "हे मधोमध लावा. कडेला लावलंत तर मी काढून नेईन."

दुसऱ्या दिवशी साऱ्या गल्लीची धोतरं टाके घालून स्टेजमागे टांगली. फोकस पडला की उजेड त्यांच्यावरून परत यायचा आणि काळ्या चंद्रकळा पांढऱ्यावर रेखल्यासारख्या दिसायच्या. पहिल्या अंकात बायका कुणाचं धोतर कोणतं ते ओळखण्यात गुंग होत्या. तिसऱ्या अंकापर्यंत ते विसरल्या.

स्टेजवरची सासू बोलत होती. जाऊ खाली बसून तांदूळ निवडत होती. माहेरचा विषय मोडला तेव्हा तिनं फक्त एकदा वर पाहिलं आणि हसायचा प्रयत्न केला. आवारात बांगडी वाजली नाही. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून खणखणीत आवाज आला :

"अगं, रडू नकोस गं! उद्या पाठवते तुला माहेरी!"

सगळं आवार वळून बघायला लागलं. सासूबाई पदरानं डोळे टिपत होत्या. गॅलरीतला एक फोकस जोरात हलला. दीर हसत होते की काय, कोण जाणे. जावेनं मान खाली घातली, खांदे हलत होते, पण अंक तिनं नेटानं पुरा केला.

भजनाचा विषय पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धोतरांचे टाके उसवून ती ज्याची त्याला पोचवायचं काम माझ्या एकटीवर पडलं. जाऊ मदतीला नव्हती. सासूबाईंनी तिला सकाळीच माहेरी पाठवलं होतं.