दिघोरी बदलायला आलेली मंडळी

बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, गाळ साचतो तसे आमच्या संस्थेत किस्से साचत जातात. दिघोरीत येणाऱ्या स्वयंसेवकांची सोय मी बघतो. शहरातली, कधी परदेशातली पोरंपोरी लाखांदूरला एसटीतून उतरतात, पंधरवडाभर सेवा करतात आणि जातात. हसण्यासारखं बरंच घडतं. पण हल्ली सांगता सांगता मीच विषय बदलतो.

*

शाळेत प्रत्येक बॅच इंग्रजी शिकवते. सुरुवात 'माय नेम इज'पासून. जरा पुढे सरकेपर्यंत त्यांची सुट्टी संपते. पुढची बॅच पुन्हा तिथूनच. चौथीतल्या पूनमला मी विचारलं, इंग्रजी कुठवर आलं?

"नाव सांगता येते सर. आता पुढचं कोन सांगन?"

*

एका बॅचने सभा घेऊन विचारलं, गावाला काय हवं? बाया म्हणाल्या, रोज थांबणारी नर्स हवी. ते काही पोरांच्या हातात नव्हतं. मग त्यांनी समाजमंदिराची भिंत रंगवली आणि तिच्यावर मोठी, हसरी नर्स काढली.

चित्र फार छान झालंय. बाया तापलेली लेकरं घेऊन त्याच्यासमोरूनच लाखांदूरच्या एसटीला जातात.

*

मग पुण्याहून प्राची आली. स्वयंसेवी पर्यटन आणि सामाजिक बदल, हा तिचा पीएच.डी.चा विषय. ओसरीवर बसून तिने मला समजावलं. एक मत असं, की पाहुण्यांमुळे गाव बदलतं. दुसरं, की पाहुणेच बदलून जातात. तिसरं, की कोणीच बदलत नाही, फक्त पाहुण्यांना बरं वाटतं.

सगळे पाहुणे कौसल्याबाईकडे राहतात, जेवतात. ती तांदूळ निवडत ऐकत होती. तिने विचारलं, "जो बदलून जाते, तो मंग वापस येते काय?"

प्राचीने तो प्रश्न वहीत उतरवून घेतला.

*

कौसल्याबाईला मूलबाळ नाही. एका बॅचमधली नागपूरची रितिका तिला पहिल्याच दिवशी आई म्हणाली. तिच्यासोबत धानाच्या रोवणीला गेली, कौसल्याबाई तापाने पडली तेव्हा उशाशी बसली. जाताना म्हणाली, दिवाळीला येते.

दिवाळीत कौसल्याबाईने खोली सारवली, अनारसे केले. रितिका आली नाही. फोनही लागेना. कामात असेल, असं मी म्हणालो. "हो, असन," ती म्हणाली आणि अनारसे शाळेतल्या पोरांना वाटून आली.

संक्रांतीनंतर नवी बॅच आली. पहिल्याच जेवणाला एक पोरगी लाडाने म्हणाली, "आई, थोडी भाजी द्या ना."

कौसल्याबाईने भाजी वाढली. भातही वाढला. मग तिच्या ताटाकडे बघत म्हणाली, "मले मावशी म्हन, बाई."