पापणीला दमा

ग्रुपवर फिरतोय तो फोटो माझ्या अक्काचा नाही.

उशिरा लिहितोय, माफ करा. अक्काला जाऊन आठवडा झाला. मी चौथी शिकलेला माणूस, मोबाईलवर एकेक अक्षर शोधावं लागतं. पण आता गप्प बसवत नाही.

भाच्याने फोटो एडिट करून अक्काची डावी पापणी वर उचलली.

"मामा, दोन्ही डोळे सारखे केले. छान दिसते ना आई?"

"छान आहे. पण ही बाई कोण?"

अक्काची पापणी सकाळी ठीक असायची. ऊन कललं की खाली यायला लागायची. दिवेलागणीला अर्धा डोळा झाकलेला.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. शिरपूरजवळच्या आमच्या गावाहून वडिलांनी तिला धुळ्याला डॉक्टरकडे नेलं. सोबत काकू. डॉक्टरांनी अक्काला छताकडे बघत राहायला सांगितलं. बघता बघता पापणी घसरली.

"डोळा चांगला आहे," डॉक्टर म्हणाले. "पापणी दमते."

काकूने गावात येऊन सांगितलं, "पोरनी पापणीले दमा शे!"

झालं.

पुढे धुळ्याचे पाहुणे अक्काला बघायला आले. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. वडिलांनी मुद्दाम सकाळची वेळ दिलेली. पापणी वरच होती. पण दम्याची बातमी त्यांच्या कानावर आधीच गेलेली.

मुलाच्या आत्याने विचारलं, "मुलीला दमा आहे म्हणे?"

वडिलांचा चेहरा पडला. अक्काने हातातला ट्रे खाली ठेवला.

"दमा मनी पापणीले शे, माले नही. सांज व्हऊ द्या, मंग देखा."

आई पुटपुटली, "गप बस." अक्का बसली नाही. पाहुण्यांना जेवायला घालून थांबवून घेतलं.

दिवे लागले. पापणी आली खाली. अक्का मान मागे टाकून, उरलेल्या फटीतून सगळ्यांकडे बघत उभी.

आत्या म्हणाली, "म्हणजे सकाळी लपवलं होतं तुम्ही!"

"म्हणून तर थांबवलं," अक्का म्हणाली.

मुलगा आत्याला म्हणाला, "दिवसभर कापसात राबून संध्याकाळी मी पण दमतोच ना, आत्या."

लग्न झालं. हेच आमचे भाऊजी.

धुळ्याच्या गल्लीत बायका म्हणायच्या, केवढा तोरा, मान वर करूनच बोलते.

अक्का म्हणायची, "मान खाली घातली तर दिसणार कसं?"

ती मान आणि ती पापणी मला भिंतीवर पाहिजे. उत्तरकार्य तोंडावर आलंय. सरळ केलेल्या डोळ्याला मी हार घालणार नाही. भाचा रागावला तर रागावू दे.

अक्का, दमली असशील. नीज आता.

मंडळी, तिचा संध्याकाळचा, मान वर केलेला फोटो कोणाकडे असेल तर पाठवा. फ्रेमवाल्याला थांबवून ठेवलंय, तो तरी किती थांबेल? नसेल तर नाही म्हणून कळवा.

पण लवकर कळवा.